शंभराला एक तास

सौदी अरेबियाच्या पूर्व भागात, जिथे मी चोवीस वर्षे नोकरी करतो आहे, तिथे कोणी अंतर विचारले तर उत्तर तासांत मिळते. त्यासाठी डोके खाजवावे लागत नाही. रस्ते सरळ, रुंद आणि सपाट आहेत; शंभर किलोमीटरला एक तास धरायचा. अबकैकहून दम्माम पाऊण तास, रियाध सव्वातीन तास. या देशात मला हे गणित कधी खोटे पडलेले आठवत नाही. ते खोटे पडले दक्षिण अमेरिकेत, कोलंबियातल्या बोगोता आणि मेदेयीन या दोन शहरांच्या मध्ये. तिथले अंतर चारशे पंधरा किलोमीटर. मी चार तास धरले होते, लागले दहा. आणि त्या दिवशी मेदेयीनमध्ये माझ्या एकुलत्या मुलीचे लग्न होते.

पुढे लिहिले आहे ते मात्र त्या प्रवासाचे वर्णन नाही. त्याला आता दीड वर्ष होऊन गेले. गेल्या हिवाळ्यात मुक्ता आणि आमचे जावई आंद्रेस प्रथमच माझ्याकडे आले आणि आम्ही तिघे गाडीने अबकैकहून देशाच्या वायव्येला असलेल्या अल-उलाला गेलो. हे टिपण त्या तीन दिवसांचे. वाळवंटातला रस्ता ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना त्यातून काही दिसावे, एवढा एक हेतू. दुसरा हेतू मी लपवणार नाही. एक गोष्ट मुलीला सांगायची राहिली होती आणि ती सांगण्यासाठी मला चौदाशे किलोमीटर गाडी चालवावी लागली.

अबकैक

निघण्याआधी इकबालभाईंच्या बकाल्यात थांबलो. बकाला म्हणजे आपले कोपऱ्यावरचे किराणा दुकान. इकबालभाई रत्नागिरीकडचे, मुक्ता तीन वर्षांची होती तेव्हापासून तिला ओळखतात. पत्नी वसुधा सध्या तिच्या आईच्या आजारपणामुळे नाशिकला असते, त्यामुळे माझ्या जेवणाखाणावरही त्यांचीच नजर असते.

“काय वो साहेब, जावय आनलाव आनि आमाला दाखवलाव नाय!” ते गल्ल्यामागून बाहेर आले. आंद्रेसने हात जोडले. “अरे वा, नमस्कार करतोय! मुक्ता, मराठी बोलतो काय गं हा?”

“चार शब्द, काका. चहा, हळू, बास आणि अगंबाई.”

“संसाराला लागतात तेवढे हायत की!”

त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. पिशवीला गाठ मारता मारता ते सहज बोलून गेले, “तुज्या लग्नाच्या येळंला साहेबांची काय हालत, सांगू! कारखान्याचं काम खलास झालं, तरी साहेब निघंनात. चार दिस रोज सांजचे हितं यायचे, दह्याचा डबा नि पाव न्यायचे. मी म्हनतो, साहेब, पोरीचं लगीन हाय ना...”

“यल्ला, इकबालभाई,” मी त्यांना तोडले, “निघतो आता, ऊन चढेल.”

मुक्ता फ्रीजपाशी पाठमोरी उभी राहून पाण्याच्या बाटल्या काढत होती. तिने ते ऐकले की नाही, मला कळले नाही. पुढचे तीन दिवस मी हेच पडताळत राहिलो.

वाचकांपासून काही दडवून पुढे जाण्यात अर्थ नाही. मी तेलप्रक्रियेच्या कारखान्यात दुरुस्तीच्या कामांचे वेळापत्रक आखतो. वर्षातून एकदा कारखान्याचा एखादा भाग बंद ठेवून त्याची दुरुस्ती होते. त्याला आम्ही शटडाउन म्हणतो. अशा प्रत्येक कामामागे मी थोडा मोकळा वेळ राखतो, कारण काही ना काही अडतेच. त्या राखीव वेळेला आमच्याकडे फ्लोट म्हणतात. फ्लोट न ठेवता वेळापत्रक मांडणारा नवशिक्या माझ्यासमोर आला, तर मी तो कागद त्याला परत देतो.

मुक्ताने मेदेयीनच्या आंद्रेसशी लग्न ठरवल्याचे मला फोनवर कळवले, विचारले नाही. मी आरडाओरडा केला नाही. तो माझा स्वभाव नाही. “इतक्या लांब?” एवढेच म्हणालो आणि नंतर कित्येक दिवस कमी बोलत राहिलो, जे ओरडण्यापेक्षा वाईट असते हे मला माहीत आहे. वसुधा पंधरा दिवस आधी गेली. शटडाउन असल्यामुळे मला लग्नाच्या दिवशीच पोचता येईल, असे मी सर्वांना सांगितले. शटडाउन मी निघण्याच्या चार दिवस आधीच संपला होता. ते चार दिवस मी घरी बसून होतो. एसीच्या जाळ्या धुतल्या, वसुधाच्या तुळशीला पाणी घातले, संध्याकाळी इकबालभाईंकडून दही आणले.

हे मी कोणालाही सांगितले नव्हते. सगळे असे धरून चालले होते की, बाबांचे गणित चुकले. मीही ते चुकू दिले.

दहना ओलांडताना

रियाधच्या वाटेवर दहना हा वाळूचा पट्टा लागतो. तोवर करडी, खडबडीत असलेली जमीन एकाएकी तांबडी होते, जणू कोणी विटांची भुकटी पसरली आहे. वाऱ्याने तिच्यावर बारीक वळ्या उठतात. कडेला तारेचे कुंपण, पलीकडे उंट. ते गाड्यांकडे न पाहता चरत असतात. हे सर्व पाच मिनिटे सुंदर असते. नंतर डोळे दुखू लागतात, आणि पुढचे दोन तास रस्ता आपल्याला ओढतो आहे की आपण रस्त्याला, हे उमजत नाही. चोवीस वर्षांत हा थकवा माझ्या अंगवळणी पडला आहे, पण आता तो गाडीतून उतरल्यावरही उतरत नाही.

आंद्रेस शाळेत गणित शिकवतो. तो माझ्या शेजारी बसून हातातल्या घड्याळावर किलोमीटरच्या पाट्या तपासत होता. तो इंग्रजीत बोलतो. त्याचे बोलणे मी इथे मराठीत देतो.

“शंभर किलोमीटर. अठ्ठावन्न मिनिटं!” तो ओरडला. “सुएग्रो, आता मला समजलं.” सुएग्रो म्हणजे त्यांच्या भाषेत सासरे. मागे वळून तो म्हणाला, “मुक्ता, मी तुला त्याच दिवशी सांगत होतो. त्यांचा दोष नाही. ज्याने आयुष्यभर हा रस्ता पाहिला तो चार तासच म्हणणार. आमच्या डोंगरांना गणित येत नाही.”

आरशात मला फक्त तिचा काळा चष्मा दिसत होता.

मी “हं” म्हणालो. त्या एका हुंकारात मी तो खुलासा पदरात पाडून घेतला. वाटेत पेट्रोल पंपावर करक चहा प्यायलो. दुधाचा, वेलदोड्याचा, आपल्या अमृततुल्याचा दूरचा भाऊ. तो मला गोड लागला नाही.

त्या दुसऱ्या रस्त्याबद्दल थोडे सांगायला हवे. बोगोता आणि मेदेयीनच्या मधले अंतर पक्ष्याने कापले तर जेमतेम अडीचशे किलोमीटर भरेल. विमानाला पाऊण-एक तास पुरतो. पण रस्ता आधी बोगोताच्या थंड पठारावरून वळणावळणांनी थेट खाली, मोठ्या नदीच्या खोऱ्यात उतरतो आणि नदी ओलांडून पुन्हा तितकाच वर चढतो. दुपारी मी बसमध्ये चढलो तेव्हा अंगात स्वेटर होता. नदीकाठच्या होंडा गावी पोचलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि बाहेर आंबे विकायला ठेवले होते. पुन्हा चढ लागल्यावर स्वेटर परत अंगात. पुढे मालमोटारींची रांग, बस ताशी वीसच्या वेगाने तिच्यामागे. मुहूर्त गोरज होता, सहाच्या सुमाराचा. विषुववृत्ताजवळ संध्याकाळ रेंगाळत नाही. सहा वाजता दरीत अंधार पडला तेव्हा आम्ही निम्म्यापेक्षा थोडे पुढे होतो.

शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि थर्मासच्या झाकणात काहीतरी गरम ओतून मला दिले. मी घोट घेतला. ते गुळाचे पाणी होते. तिकडे उसाच्या गुळाचे खडे गरम पाण्यात विरघळवून पितात. बाहेरून आलेल्या माणसाला आपण दारात गूळपाणी देतो. मला ते असे रस्त्यात मिळाले, जिथे पोचायचे तिथे वेळ टळून गेल्यावर.

मेदेयीनला उतरलो तेव्हा चालकाने माझी बॅग काढून दिली आणि तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, “गुड ट्रिप. टुडे, रोड व्हेरी गुड.” दरड कोसळली नव्हती, अपघात झाला नव्हता. तो चांगला दिवस होता, आणि दहा तास हा तिथला रास्त वेळ होता.

बुरैदा

पहिला मुक्काम बुरैदाला. कसीमचा हा प्रदेश खजुरांचा. तिथे क्लेजा नावाची गोल, खरपूस बिस्किटे मिळतात; आत खजुराचा पाक, वेलदोडे, सुंठ. मुक्ता म्हणाली, “बाबा, आईच्या सारणाच्या पुरीसारखं लागतंय ना?” त्या दिवशी ती माझ्याशी आपण होऊन बोलली ते हे पहिले वाक्य. मी दोन डबे घेतले.

जेवताना आंद्रेसने पाकीट उघडले आणि टिश्यूच्या घडीतून एक वस्तू काढून पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवली. सुपारी. एका बाजूला हळदीचा पिवळा डाग.

“हे कोण, ओळखा,” तो म्हणाला.

मी मुक्ताकडे पाहिले. ती कपाळाला हात लावून हसू दाबत होती. “मी सांगते. नाशिकचे गुरुजी लॅपटॉपवर होते ना, त्यांच्याकडे पहाटेचे साडेचार. ते म्हणाले, यजमान आले नाहीत? मग त्यांच्या जागी सुपारी मांडा. मी याला भाषांतर करून सांगितलं, आता हे माझे वडील. विषय संपला ना? दुसऱ्या दिवशी आई सगळं सामान ओढ्यात सोडायला निघाली, तर हा मध्ये आडवा. म्हणे, सासऱ्याला पाण्यात कसं फेकता?”

“कसं फेकणार?” आंद्रेस गंभीरपणे म्हणाला. “वर्षभर आमच्या फडताळावर होते. मी रोज सकाळी त्यांना ‘बुएनोस दियास, सुएग्रो’ म्हणतो. काही बोलत नाहीत.”

“म्हणजे अगदी बाबाच,” मुक्ता म्हणाली.

आम्ही तिघेही हसलो. मी खाली पाहून भाताचे ढीग करत राहिलो. एका परक्या माणसाने माझ्या गैरहजेरीला वर्षभर नमस्कार केला होता.

हाइल

दुसऱ्या दिवशीचे अंतर कमी, तीनशेच्या आत. तरी मी सर्वांना सहाला उठवले. हाइलच्या पश्चिमेला लालसर ग्रॅनाइटचे डोंगर आहेत. सपाटीला सरावलेल्या डोळ्यांना ते एकदम भिंतीसारखे सामोरे येतात. आंद्रेसने मान वाकडी करून पाहिले. “छान आहेत,” तो म्हणाला. “लहान आहेत, पण मोठे होतील.”

हाइलमधल्या एका दुकानात जेवलो: भट्टीतून काढलेली तमीस नावाची हातभर रोटी आणि त्याबरोबर फूल, म्हणजे शिजवून घोटलेले घेवड्यासारखे मोठे दाणे, वर तेल आणि जिरे. मला वालाच्या बिरड्याची आठवण झाली. आंद्रेस म्हणाला, त्याच्या घरी राजम्याचे असेच करतात. दुकानातल्या वृद्ध अफगाणाने आमच्याकडे आळीपाळीने पाहून हिंदीत विचारले, “ये गोरा कहाँ का है?” मी देशाचे नाव सांगितले. “कितना दूर?” त्याने विचारले. मी आकडा सांगू लागलो तर मुक्ता मध्येच म्हणाली, “बहुत दूर, चाचा. अब्बू को पहुँचने में देर हो गई थी.”

ती हसून म्हणाली. मी उठून पैसे चुकते केले. दुपारभर मी हॉटेलच्या खोलीत पडून होतो. झोप आली नाही. गेल्या वर्षभरात मी सगळीकडे लवकर पोचू लागलो आहे. दवाखान्यात तासभर आधी, विमानतळावर पाच तास आधी. ज्याला एकदा उशीर झाला त्याने जन्मभर लवकर येऊन काय भरून निघते, ते मला ठाऊक नाही.

अल-उला

अल-उलाजवळ, मदाइन सालेह येथे, खडकात कोरलेली दोन हजार वर्षांपूर्वीची थडगी आहेत. तिथे ठरलेल्या वेळेच्या बसनेच जावे लागते. आमची वेळ दुपारी चारची होती. हाइलहून सव्वाचारशे किलोमीटर. मी पहाटे पाचला गाडी काढली.

“बाबा, साडेचार तासांचा रस्ता आहे,” मुक्ता जांभई देत म्हणाली.

“फ्लोट असू दे.”

“सहा तासांचा?”

काहीच अडले नाही. रस्त्यावर वाळू नव्हती, टायर शाबूत राहिले. दहालाही दहा मिनिटे कमी असताना आम्ही अल-उलात होतो. पिवळ्या-तांबड्या वालुकाश्माचे कडे, वाऱ्याने खाऊन त्यांना हत्तीचे, मनोऱ्याचे आकार आलेले, आणि मध्ये खजुरीच्या बागांची हिरवी पट्टी. बागेत एका चहाच्या टपरीपाशी लाकडी बाके होती. सहा तास काढायचे होते. आंद्रेस टोपी तोंडावर घेऊन दूरच्या बाकावर आडवा झाला. मी आणि मुक्ता समोरासमोर. ती खाली पडलेल्या झावळीचे पाते उभे चिरत होती.

आंद्रेसने दिलेला तो खुलासा मी तीन दिवस अंगावर वागवला होता. आता तो पेलवेना.

“मुक्ता, शटडाउन चार दिवस आधीच संपला होता.”

“माहीत आहे.”

“म्हणजे इकबालभाईंचं ऐकलंस तू.”

“त्याच्याही आधीपासून.” तिने पाते खाली ठेवले. “लग्नाआधी दोन दिवस तुमचा फोन आला होता. तुमच्याकडे दुपार होती. मागे वॉशिंग मशीन संपल्याचं ते गाणं वाजलं. शटडाउनमध्ये तुम्ही कधी दुपारी घरी असता, बाबा? माझी सगळी शाळा त्यात गेली. माझ्या स्पोर्ट्स डेला नाही, अॅन्युअल डेला नाही. आय न्यू.”

“मग बोलली का नाहीस?”

“मी बोलायचं?”

टपरीवाल्याने रिकामे पेले उचलून नेले. मला वाटले, आता संपले. तिला ठाऊक होते, आणि मी कबूल केले. इथे थांबता आले असते. पण निम्मे कबूल करून उरलेले दडवणे ही माझी जुनी रीत आहे, आणि तिच्यापायीच इथवर आलो होतो.

“आणखी एक आहे,” मी म्हणालो. “बोगोताच्या विमानतळावर फलक होता. मेदेयीनला जवळजवळ दर तासाला विमान होतं. एका तासाच्या आत पोचवणारं. मी तो फलक पूर्ण वाचला. बॅग हातात होती, पैसे होते, वेळही होता. आणि मी बाहेर येऊन बस धरली. चार तासच लागतील असं मला वाटत होतं, हे खरं आहे. पण नक्की पोचवेल असं जे होतं, ते मी घेतलं नाही. गणित चुकलं ते नंतर.”

तिचा चेहरा लहानपणी ताप चढताना व्हायचा तसा झाला.

“हे मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली आणि उठून खजुरींच्या रांगेत चालू लागली.

मी तिच्यामागे गेलो नाही. तेवढा हक्क मला उरलेला नव्हता. आंद्रेसने टोपी बाजूला करून तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि तो उठून बसला. बराच वेळ गेला. पाटातले पाणी झाडांच्या बुंध्यांशी मुरत होते. ज्या फ्लोटचा मला इतका अभिमान, तो असा समोर पसरला होता आणि त्यात करण्यासारखे काहीही नव्हते.

ती परतली तेव्हा तिचे नाक लाल होते. ती बसली नाही.

“मी मुहूर्त टळू दिला होता,” ती म्हणाली. “वीस मिनिटं. गुरुजी ओरडत होते, आई रडत होती. शटडाउनचं खोटं आहे हे माहीत असून मी अंतरपाटासमोर उभी राहिले आणि म्हटलं, थांबा, बाबा येतील. का म्हटलं, मला माहीत नाही.”

“चूक माझी होती,” मी म्हणालो. “रस्त्याची नव्हती.”

“हेच. एवढंच सव्वा वर्ष ऐकायचं होतं.” मग थोड्या वेळाने, “विमानाचं मात्र मला पचायला वेळ लागेल. आज सगळं ठीक झालं असं धरू नका.”

“नाही धरत.”

साडेतीनला आम्ही बसच्या थांब्याकडे निघालो. वाटेत मी आंद्रेसला थांबवले आणि हात पुढे केला. “ती सुपारी मला दे,” मी म्हणालो. “आता मी आलोय. तुम्ही ती किती दिवस वागवणार?”

त्याने पाकीट काढले. पण मुक्ताने ते त्याच्या हातातून घेऊन बंद केले.

“ती नाही मिळायची, बाबा,” ती म्हणाली. “ती वेळेवर आली होती.”

तिने पाकीट आंद्रेसच्या खिशात परत घातले आणि पुढे चालू लागली. तिची पाठ माझ्याकडे होती. ती हसत होती की नाही, मी सांगू शकत नाही.

मी बसपाशी पोचलो तेव्हा ती दोघे आत चढली होती. बस भरत आली होती. आंद्रेस खिडकीशी होता, मध्ये मुक्ता, आणि कडेच्या रिकाम्या जागेवर तिची पर्स. एका पर्यटक बाईंनी त्या जागेकडे बोट करून काही विचारले. मुक्ताने मान हलवून नाही म्हटले. मी जवळ गेल्यावर तिने पर्स उचलून मांडीवर घेतली.